‘आराम पडला’ एवढ्यावर थांबू नका : फिजिओथेरपिस्टांना खुले पत्र

रोज पेशंट पाहणाऱ्या सर्व फिजिओथेरपिस्ट मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

‘गुडघेदुखी. क्वाड्रिसेप्स स्ट्रेंग्थनिंग, आयएफटी, होम प्रोग्राम. दहा सीटिंग. आराम पडला.’

अशी नोंद (म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद वाढवणे, दुखण्यावर विजेचा सौम्य प्रवाह आणि घरी करायचे व्यायाम) आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी लिहिली आहे. फाइल बंद झाली की ती कोणाच्याच कामाची राहत नाही, लिहिणाऱ्याच्याही नाही. सहा महिन्यांनी तसाच गुडघा घेऊन दुसरा पेशंट आला, तर मागच्या वेळी नेमके काय केले होते हे या ओळीतून कळत नाही. हात शिकतो, डोके थोडेफार लक्षात ठेवते, बाकीचे वाया जाते.

आमची विनंती साधी आहे. आपल्या टेबलावर जे घडते ते आपल्याच व्यवसायातल्या दुसऱ्या माणसाला वापरता येईल अशा रीतीने लिहा, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले नियमाने वाचा. प्राध्यापकांना किंवा पीएचडी करणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांना लिहावेच लागते. हे पत्र दिवसाला पंधरा-वीस पेशंट पाहणाऱ्यांना आहे, कारण खरा माल त्यांच्याकडे आहे.

लिहायचे म्हणजे काय, तर आधी मात्रा लिहायची. डॉक्टरने ‘गोळी दिली, बरे वाटले’ एवढेच लिहिले तर आपण हसू. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा? व्यायाम हे आपले औषध, आणि त्याची मात्रा आपण बहुतेक वेळा लिहीतच नाही. ‘क्वाड्रिसेप्स स्ट्रेंग्थनिंग’ म्हणजे बसून गुडघा सरळ करणे, खुर्चीवरून उठबस, की पायरी चढणे? बसून केला असेल तर किती अंशांपासून किती अंशांपर्यंत? वजन किती, रेप्स (म्हणजे आवर्तने) किती, सेट किती, दोन सेटमध्ये विश्रांती किती, आठवड्यातून किती दिवस, किती आठवडे? दुखले तर कुठवर चालवून घ्यायचे म्हणून सांगितले होते? वजन वाढवले ते कोणत्या निकषावर? ‘पेशंटला झेपले म्हणून’ हा निकष होत नाही. ‘सलग दोन वेळा तिन्ही सेट पूर्ण झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे १० पैकी ३ च्या वर गेले नाही म्हणून’ हा होतो.

‘खुर्चीवरून उठबस, बैठकीची उंची ४५ सेंमी, हात छातीवर, १० चे ३ सेट, सेटमध्ये २ मिनिटे विश्रांती, एक दिवसाआड, ६ आठवडे, तिसऱ्या आठवड्यापासून हातात ४ किलो.’ लिहायला मिनिटभरही लागत नाही, आणि हे वाचून दुसरा कोणीही उद्या सकाळी तेच करून पाहू शकतो.

रबरी बँड वापरत असाल तर नुसता रंग लिहून भागत नाही. एका कंपनीचा हिरवा दुसऱ्या कंपनीच्या हिरव्याइतकाच कडक असेल असे नाही, आणि बँडचा जोर तो मूळ लांबीच्या किती पट ताणला यावर ठरतो. म्हणून मूळ लांबी आणि ताणलेली लांबी लिहा. उपचाराचा अल्ट्रासाउंड लावला असेल तर १ मेगाहर्ट्झ की ३ (१ खोलवर जातो, ३ वरच्या थरांत थांबतो), सलग की पल्स्ड (थांबत थांबत), तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला किती वॉट, किती मिनिटे, आणि हेडच्या मानाने केवढ्या जागेवर फिरवला. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. पाच मिनिटांत अख्ख्या पाठीवर फिरवलेला अल्ट्रासाउंड आणि कोपराच्या एका बिंदूवर फिरवलेला अल्ट्रासाउंड ही एकच ट्रीटमेंट नव्हे, मशीनवरचे आकडे सारखे असले तरी.

आणि सांगितलेली मात्रा वेगळी, पेशंटने घेतलेली वेगळी. होम प्रोग्राम किती दिवस खरोखर झाला, हे विचारून लिहा. ‘रोज करता ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’च येते. ‘गेल्या सात दिवसांत कोणते दिवस चुकले?’ असे विचारून पाहा.

मात्रा लिहिल्याने काय होते याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच शास्त्रात आहे. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने ॲकिलीस टेंडनच्या (पोटरी टाचेला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) जुनाट दुखण्यावर एक्सेन्ट्रिक (स्नायू लांबत असताना भार पेलायच्या) व्यायामाचा लेख लिहिला. व्यायाम करणारे पेशंट होते अवघे १५. पण मात्रा स्वच्छ होती: पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा, १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. दिवसाला १८० रेप्स. थोडे दुखले तरी चालू ठेवायचे, दुखेनासे झाले की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा धावू लागले.

पंधरा पेशंटवरून, तेही रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणे) नसताना, काही सिद्ध होत नाही. पण लिहिले नेमके होते म्हणून जगात कोणालाही ते जसेच्या तसे करून पाहता आले. पुढे २००३ मध्ये मोठ्या गटाचे निकाल आले. टेंडनच्या मधल्या भागात दुखणाऱ्या १०१ पैकी ९० टेंडनमध्ये निकाल समाधानकारक होता. जिथे टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे दुखणाऱ्या ३१ पैकी फक्त १० मध्ये. हे अपयश लपवले असते तर? ते छापले गेले, म्हणून प्रश्न पडला की चिकटण्याच्या जागी काय वेगळे घडते. टाच पायरीखाली गेली की टेंडन हाडावर दाबला जातो, हे कारण असावे असे धरून पुढच्या अभ्यासात तोच व्यायाम सपाट जमिनीवर, टाच खाली न जाऊ देता करवला. २००८ च्या त्या लेखात २७ पैकी १८ पेशंट आपल्या आधीच्या हालचालींकडे परतले. मग २०१४ मध्ये कोणीतरी विचारले की १८० रेप्स खरेच लागतात का? झेपतील तेवढ्या करणाऱ्या गटाची प्रगती सहा आठवड्यांनी १८० वाल्यांपेक्षा कमी दिसली नाही. तो अभ्यासही छोटाच होता, पण १८० हा आकडा कोणीतरी लिहिला होता म्हणून त्याच्याशी भांडता तरी आले. ‘एक्सेन्ट्रिक व्यायाम दिले, आराम पडला’ याच्याशी काय भांडणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत: फसलेल्या केस आधी लिहा. यशाच्या केस वाचायला बऱ्या वाटतात, पण त्यातून शिकायला फार कमी मिळते. पेशंट बरा झाला तर तो कशाने बरा झाला याला चार-पाच दावेदार असतात. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांची आपोआपच बरीच उतरते. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा दुखणे बहुधा टोकाला असते आणि टोकावरून ते खालीच येणार. त्यात तो गोळ्याही घेत असतो, कामावरून सुटीही घेतलेली असते, कोणीतरी लक्ष देऊन ऐकते याचाही परिणाम होतो. आपण लावलेली मशीन या रांगेत कितवी? यशाची केस लिहायचीच असेल तर हे सगळे दावेदार लेखात हजर करा: दुखणे किती जुने होते, आमच्याकडे येण्याआधी वाढत होते की उतरत होते, सोबत काय काय चालू होते. तीन वर्षे न हललेले दुखणे आठ आठवड्यांत हलले तर त्याला वजन आहे. तीन दिवसांचे दुखणे दहा सीटिंगमध्ये गेले, तर दहा सीटिंगचे श्रेय घेण्याआधी जरा थांबावे.

कारण सांगतानाही हीच सावधगिरी. ‘एमआरआयमध्ये डिस्क बल्ज होती’ (मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली) असे लिहून बाण तिकडे दाखवणे सोपे. पण ज्यांना पाठदुखी नाहीच अशा ३११० लोकांच्या तपासण्या एकत्र करणाऱ्या २०१५ च्या आढाव्यात डिस्क बल्जचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के निघाले. रिपोर्टमध्ये काय दिसले ते लिहा, आणि त्याचा तक्रारीशी संबंध तपासणीत कसा लागला तेही लिहा. लागला नसेल तर तसे लिहा.

मोजमापाबद्दल थोडक्यात, पण इथेच सर्वाधिक लेख कोसळतात. ‘दुखणे ७ वरून ४’ म्हणजे केव्हाचे? बसल्यावरचे, जिना उतरतानाचे, की गेल्या चोवीस तासांतले सर्वांत वाईट? पहिल्या दिवशी जे विचारले तेच शेवटच्या दिवशी विचारले का? गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) गुडघा ११० वरून ११४ झाला तर ती प्रगती म्हणू नका. पाच अंशांच्या आतला फरक मोजणाऱ्याच्या हातातही असू शकतो. रेंज ॲक्टिव्ह (पेशंटने स्वतः हलवून) की पॅसिव्ह (आपण हलवून), पेशंट उताणा की बसलेला, दोन्ही वेळा मोजणारा एकच होता का, हे हवे. टाइम्ड अप अँड गो (खुर्चीतून उठून, चालून, परत येऊन बसायला लागणारा वेळ) केली तर खुर्चीची उंची, ३ मीटर अंतर, पायात काय होते, काठी होती का. दहापैकीच्या वेदनामापनात साधारण २ अंकांच्या आतला फरक जुनाट दुखण्याच्या पेशंटला फारसा जाणवत नाही, आणि फुप्फुसाच्या जुनाट विकारात सहा मिनिटांच्या चालण्यात ३० मीटरच्या आसपास फरक पडला तर तो अर्थपूर्ण धरतात. आपल्या आकड्याला असा शेजार दिला की वाचणाऱ्याला तो तोलता येतो. आणि उपचार थांबल्यानंतर किमान एकदा मोजा, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, फोनवरून विचारले तरी चालेल. शेवटच्या सीटिंगचा आकडा हा निम्माच निकाल असतो.

आता वाचनाकडे. ज्याने एकदा मात्रा लिहिली त्याला दुसऱ्याच्या लेखात ती गायब असेल तर लगेच दिसते. म्हणून लिहिणारे बरे वाचतात, आणि लिहिणे-वाचणे अशी दोन वेगळी कामे आम्ही मानत नाही. सारांश वाचून निकाल ठरवू नका. सारांश म्हणजे लेखकाने स्वतःची मांडलेली बाजू. थेट पद्धतीच्या भागात जा: कोण घेतले, कोण वगळले, दुसऱ्या गटाला काय दिले, मुख्य मोजमाप आधी ठरवले होते का, शेवटपर्यंत किती टिकले. दुसऱ्या गटाला काहीच दिले नसेल तर पहिल्या गटाला केलेल्या कोणत्याही गोष्टीचा ‘फायदा’ दिसण्याची शक्यता भरपूर.

केव्हा मोजले हे तर फार महत्त्वाचे. टेनिस एल्बोवर २००२ मध्ये १८५ पेशंटचा एक गाजलेला अभ्यास आला: एका गटाला स्टेरॉइडचे इंजेक्शन, एकाला फिजिओथेरपी, एकाला नुसता सल्ला आणि वाट पाहणे. सहा आठवड्यांनी इंजेक्शनचे यश ९२ टक्के, फिजिओथेरपीचे ४७, वाट पाहण्याचे ३२. इथेच लेख मिटवला तर सगळे पेशंट इंजेक्शनकडे धाडावे लागतील. वर्षाने मात्र इंजेक्शन ६९ वर आले, फिजिओथेरपी ९१ वर आणि वाट पाहणारे ८३ वर. आपल्या व्यवसायातले लोक ६९ आणि ९१ मोठ्या आनंदाने सांगतात. ९१ आणि ८३ हे शेजारी शेजारी ठेवून वाचणारे त्या मानाने कमी. पेशंटला प्रामाणिक सल्ला द्यायचा तर तिन्ही आकडे लागतात.

शोधायला पेड्रो (PEDro) आहे. सिडनीहून १९९९ पासून चालणारा हा फुकट डेटाबेस फक्त फिजिओथेरपीच्या रँडमाइज्ड चाचण्या, आढावे आणि मार्गदर्शक सूचना देतो. चाचण्यांना तिथे ११ निकषांवर तपासून १० पैकी गुण देतात, कारण पहिला निकष गुणांत धरत नाहीत. एक बारकावा: व्यायामाच्या चाचणीत पेशंट आणि थेरपिस्ट दोघांनाही अंधारात ठेवणे (कोणाला कोणता उपचार मिळतोय हे कळू न देणे) जवळपास अशक्य, म्हणजे ते दोन गुण गेलेच. तेव्हा १० पैकी ८ हा व्यायामाच्या चाचणीसाठी उत्तमच समजा. ‘आठच कसे’ म्हणून नाक मुरडू नका. आणि गुण म्हणजे पद्धतीचा दर्जा. उपचार चालतो असा त्याचा अर्थ नव्हे. चांगल्या पद्धतीने केलेली चाचणी एखादा उपचार कुचकामी असल्याचेही सांगते. २००१ मध्ये अल्ट्रासाउंडच्या ३५ चाचण्या तपासल्या गेल्या, त्यांतल्या १० पद्धतीच्या दृष्टीने ग्राह्य निघाल्या, आणि त्या १० पैकी ८ मध्ये खरा अल्ट्रासाउंड लटक्या अल्ट्रासाउंडपेक्षा सरस ठरला नाही. त्याला दोन तपे उलटली. मशीन तुमच्या क्लिनिकात असेल तर ते का चालू आहे, याचे उत्तर लिहून पाहा. उत्तर सापडले तर तो चांगला लेख होईल.

नेटवर लिहिलेले वाचतानाही हाच चष्मा. मऊ ऊतींच्या दुखापतीसाठी आज सर्रास सांगतात ते ‘पीस अँड लव्ह’ (आधी जपा, मग हळूहळू भार द्या असे सांगणारे) सूत्र २०१९ मध्ये आधी एका क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकाच्या नेटवरच्या छोट्या लेखातून आले, छापील पानावर नंतर गेले. चांगले लिहिलेले दोन पानी टिपण किती लांब जाते याचा हा पुरावा. पण तो अभिप्राय होता, चाचणी नव्हती, हे सांगणारी माणसे कमीच भेटतात. त्याआधीचे ‘राइस’ (विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, अवयव उंच ठेवणे) सूत्र १९७८ चे, आणि ज्या डॉक्टरांनी ते रूढ केले त्यांनीच पुढे २०१४ च्या सुमारास बर्फाबद्दलचे मत बदलल्याचे स्वतः लिहिले. लिहिलेले बदलता येते, आणि बदलल्याचे लिहिणे हा लेखकाच्या अब्रूला बट्टा नाही. आपल्या जुन्या लेखाखाली तारीख घालून ‘आता मी असे करत नाही, कारण…’ अशी ओळ जरूर टाका.

पेशंटची ओळख हा विषय घाईने उरकण्यासारखा नाही. नाव काढले म्हणजे काम झाले असे बहुतेकांना वाटते. वय, दुर्मिळ व्यवसाय, खेळ आणि शस्त्रक्रियेची तारीख एकत्र आली की शेजारी त्याला ओळखतो. तारखांऐवजी ‘शस्त्रक्रियेनंतर तिसरा आठवडा’ लिहा, नेमक्या वयाऐवजी ‘पन्नाशीतले’. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी पुरत नाही. गोंदण, दागिना, मागच्या फळ्यावरचे नाव, एक्स-रेच्या कोपऱ्यातला नंबर हे सगळे बोलते. मोबाइलच्या फोटोत वेळ आणि ठिकाण लपलेले असते तेही काढा. ओळख लपवायला तपशील बदलू मात्र नका. डावा गुडघा उजवा केला, धावपटूचा सायकलपटू केला, की पुढचा वाचक चुकीच्या माणसावर तुमचा निष्कर्ष लावतो. गाळा, पण खोटे लिहू नका. संमती लेखी घ्या, आणि लेख एकदा नेटवर गेला की पूर्ण परत घेता येत नाही हे पेशंटला आधी सांगा. शक्यतो उपचार संपल्यावर विचारा. टेबलावर पालथा पडलेला माणूस आपल्या थेरपिस्टला ‘नाही’ म्हणत नाही.

लेखाचा साचा शोधत बसू नका, तो मुद्द्यांच्या याद्यांच्या रूपात तयार आहे. एका केसच्या लेखासाठी २०१३ चे केअर (CARE), उपचाराचे वर्णन पूर्ण झाले का हे पाहायला २०१४ चे टायडिअर (TIDieR, १२ मुद्दे), आणि खास व्यायामासाठी २०१६ चे सर्ट (CERT, १६ मुद्दे). तिन्ही नेटवर फुकट मिळतात. आमचा अनुभव असा की सुरुवातीला फक्त सर्ट छापून टेबलाच्या खणात ठेवले तरी पुरे. सातशे-आठशे शब्द भरपूर झाले. पहिला मसुदा अशा सहकाऱ्याला द्या ज्याने तो पेशंट पाहिलेला नाही, आणि एकच प्रश्न विचारा: हे वाचून उद्या तू हा उपचार करू शकशील का? तो जे प्रश्न विचारेल ती तुमची राहिलेली वाक्ये.

भाषेचा संकोच नको. ज्या भाषेत पेशंटला व्यायाम समजावता त्याच भाषेत लिहा. क्वाड्रिसेप्सला क्वाड्रिसेप्सच म्हणा, पण ‘बायोमेकॅनिकल डिसफंक्शन’ लिहायचा मोह झाला की नेमके काय दिसले ते लिहा: उतरताना गुडघा आत जात होता.

‘वेळ नाही’ हे खरे आहे, म्हणूनच लेख नोंदीतून निघायला हवा, वेगळा बसून नव्हे. नोंद नीट असेल तर लेखाचे निम्मे काम झालेले असते. ‘आपली युक्ती दुसरा उचलेल’ ही भीतीही ऐकू येते. उचलू दे. १८० रेप्सचा हिशेब सगळ्यांनी उचलला, म्हणून तो टाचेपाशी कुठे फसतो ते कळले.

पहिली केस कोणती घ्यावी असे विचाराल तर, जो पेशंट सहा आठवड्यांत बरा व्हायला हवा होता आणि झाला नाही, त्याची फाइल काढा. तीत मात्रा सापडली नाही तर त्या केसचा लेख होणार नाही. मग उद्याच्या पहिल्या पेशंटच्या नोंदीत खुर्चीची उंची लिहा.

आपले,
याच व्यवसायातले काही लिहिणारे आणि वाचणारे